सशाच्या घशात खाणं अडकू नये म्हणून

सशाला उलटी होत नाही. एकदा गिळलेलं वर काढायची सोय त्याच्या शरीरात नाही. आणि ससा श्वास नाकानंच घेतो. तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर तो संकटात आहे असंच समजायचं. या दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवल्या की खाणं देताना काय सांभाळायचं ते आपोआप कळत जातं. घशाशी किंवा नाकाच्या मागच्या बाजूला काही अडकलं, तर कुत्रं-मांजर ओकून मोकळं होतं. सशाला तो रस्ताच नाही.

माझी सगळी नोकरी परभणी जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यांत गेली. गाई, म्हशी, बैल, शेळ्या. आता निवृत्तीनंतर घरात नातीचे दोन ससे आहेत, पांढरी कापशी आणि करड्या रंगाचा बंड्या. गल्लीतल्या लेकरांनी बाजारातून पिलू आणलं की ती आधी आमच्या ओट्यावर येतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. आपल्या भागात जनावरांची जाण घरोघरी आहे, पण ती गाई-शेळ्यांची आहे आणि सशाला ती जशीच्या तशी लावली की घात होतो. गाईच्या घशात उसाचं कांडं अडकलं तर ढेकर कोंडून पोट फुगतं. तिथं डॉक्टर गावात पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा तग धरता येतो. सशाची श्वासाची वाट बंद झाली तर हातात काही मिनिटंच असतात.

अडकतं ते बहुतेक वेळा गोळी खाद्य. कोरडं, टणक, लहान, आणि सशाला फार आवडणारं. दिवसभर जाळीत उपाशी बसलेल्या सशासमोर वाटीभर गोळ्या ठेवल्या की तो चावायच्या आधीच पुढची उचलतो. दोन ससे एका वाटीवर असले तर आणखी घाई. म्हणून गोळ्यांपेक्षा भुकेचा बंदोबस्त आधी करा. सशासमोर चोवीस तास वाळलेलं गवत हवं. त्याच्या एकूण खाण्यात आठ-नऊ आणे नव्हे, चांगले तेरा-चौदा आणे गवतच असायला पाहिजे. रोज त्याच्या अंगाएवढा भारा टाका. गवत चावायला वेळ लागतो, तोंडात लाळ सुटते, दात झिजतात. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. ते झिजले नाहीत तर वाकडे होतात, घास नीट चावला जात नाही आणि अर्धवट चावलेला घास घशाशी जातो. गवत पोटभर खाल्लेला ससा गोळ्यांवर तुटून पडत नाही.

गोळ्या द्यायच्याच असतील तर मोठ्या सशाला वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आत. वाटीत ढीग करू नका, गवतावर पसरून टाका, म्हणजे एकेक शोधून खावी लागते. जो ससा आधीच हावरट आहे त्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून मऊ करा आणि तासाभरात उरलेलं उचला, उन्हाळ्यात ते लगेच आंबतं. पोत्याच्या तळाला साचलेला भुगा चाळून फेकून द्या. खाताना तो नाकात ओढला जातो. दोन ससे असतील तर दोन कोपऱ्यांत खायला द्या. आमचा बंड्या कापशीच्या तोंडचं ओढून घेतो, त्यामुळे तो पलीकडच्या खोलीत आणि ती ओसरीवर, हे रोजचं ठरलेलं आहे.

कोंबडी खाद्य सशाला कधीही घालू नका. दुकानदार म्हणेल चालतं, पण त्यात कोंबड्यांसाठी मिसळलेली काही औषधं सशाला विषारी ठरतात. पोपटासाठी मिळणारं दाणे-बियांचं मिश्रणही नको. सूर्यफूल, मका, हरभरा, शेंगदाणे, फुटाणे, डाळवं हे सगळं टणक आहे, घशात बसतं, आणि गिळलं गेलं तरी आतड्यांना झेपत नाही. हुरड्याच्या दिवसांत लेकरं कौतुकानं कोवळे दाणे सशापुढे धरतात. दाणा मऊ असला तरी तो पिठूळच. भाकरी, पोळी, बिस्किटं, मुरमुरे यांचंही तेच. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे पटवणं अवघड जातं. दारात आलेल्या जिवाला भाकरीचा तुकडा द्यायचा ही आपली रीत चांगली आहे, पण सशाच्या बाबतीत तोच हात मेथीच्या काडीकडे वळवावा.

गवत कुठलं, पाला कुठला

शहरात दुकानात मिळणारं परदेशी गवत महाग पडतं आणि आपल्याकडे त्याची गरजही नाही. बांधावरचा मारवेल आणि हरळी उत्तम. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पावसानं उघडीप दिली की कापून सावलीत वाळवा, बुरशीचा वास आला तर तो भारा टाकून द्या. कुट्टी मशीनमधून काढलेलं बारीक गवत नको. लांब काडी असली की ससा ती दातांनी कुरतडत कुरतडत आत घेतो. जुन्या, पूर्ण वाळलेल्या कडब्याची पानं चालतात, टोकदार ताट बाजूला काढा. मात्र ज्वारीचं कोवळं पीक, किंवा पावसाच्या ताणानं खुरटलेलं पीक, सशाला घालू नका. त्यानं गुरांना किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातलं विष सशालाही मारतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते कुसळी गवतापासून. माळरानावरचं हे गवत पावसाळा संपता संपता कुसळं धरतं. ती कुसळं बारीक भाल्यासारखी असतात, ओल लागली की पीळ घेत आत रुततात. जिभेखाली, हिरडीत, घशात, डोळ्यांत. ससा अचानक खाणं सोडतो, लाळ गळते, पंजानं तोंड पुसत राहतो. भारा आणला की तो पसरून एकदा हात फिरवा. कुसळं, सराटे, गोखरू निवडून काढा. मी हे काम उन्हात बसून चष्मा लावून करतो. त्याच वेळी गाजरगवतही निघतं. ते गाजराच्या पाल्यासारखं दिसतं, लेकरं हौसेनं तोडून आणतात, आणि ते विषारी आहे.

हिरव्या पाल्यात कोथिंबीर, मेथी, शेपू, मुळ्याचा आणि गाजराचा पाला द्या, रोज आलटून पालटून. पालक कमी. लसूण घास हा गुरांचा हिरवा चारा लहान पिलांना आणि पाजणाऱ्या मादीला ठीक, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि लघवीचा त्रास सुरू होतो. सुबाभूळ नको, कांदा-लसूण-बटाटा नको. कापसावर किंवा भाजीवर फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा पाला आणू नका, आणलेला धुऊन निथळू द्या.

भाजीच्या जुडीला बांधलेला रबर, सुतळी, प्लॅस्टिकची पट्टी आधी सोडवून कचऱ्यात टाका. अख्खी जुडी जाळीत फेकू नका. रबर घशातून गेला तर आतड्यात अडकतो. खताच्या पोत्याचे निघालेले धागे, गोधडीची शिवण, मोबाईलच्या चार्जरची वायर या सगळ्या गोष्टी ससा कुरतडतोच, त्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवणं आपलं काम.

गाजर हे सशाचं मुख्य खाणं नाही. त्यात साखर भरपूर. आठवड्यातून एखाद्या वेळी अंगठ्याएवढा तुकडा, तोही लांब बारीक फाकी करून. गोल चकत्या घशाच्या वाटेवर नेमक्या बसतात. सफरचंदाच्या बिया काढा. बोराच्या आठळीकडे लक्ष ठेवा, आणि सीताफळ तर मुळीच नको. त्याच्या बिया विषारी आहेत, आणि सीझनमध्ये बीड-परभणीकडे अंगणभर त्या सांडलेल्या असतात.

पाणी बाटलीपेक्षा जड वाटीत द्या, ससा मान खाली घालून सहज पितो. किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १०० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. पाणी कमी पडलेल्या सशाचं तोंड कोरडं, आणि कोरड्या तोंडात कोरडी गोळी सरकत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा ४२-४३ वर जातो. सशाला तिशीच्या पुढेच जड जायला लागतं. त्या दिवसांत खाणं पहाटे आणि दिवेलागणीनंतर. धापा टाकणाऱ्या, घाबरलेल्या किंवा नुकत्याच गाडीवरून आणलेल्या सशापुढे गोळ्या ठेवू नका. मांडीवर उताणा धरून तर कधीच भरवू नका.

अडकलंच तर

ससा एकाएकी खाणं थांबवतो, मान लांब करून नाक वर आभाळाकडे करतो, तोंड उघडतो. नाकातून ओलसर लगदा किंवा फेस येतो. सैरभैर पळतो, मग ढिला पडतो. ओठ आणि हिरड्या निळसर-करड्या दिसायला लागतात. हनुवटी रोज थोडी थोडी ओली राहणं वेगळं, ते दाताचं दुखणं, त्यासाठी दुसऱ्या दिवशी दवाखाना चालतो. पिलाला लागलेली उचकीही वेगळी. ती आपोआप थांबते आणि पिलू खेळत राहतं.

अशा वेळी पहिला प्रश्न मला नेहमी हाच येतो: "काका, पाणी पाजू का?" नाही. श्वास अडकलेल्या सशाच्या तोंडात पाणी, तूप, काहीही टाकू नका, ते थेट फुफ्फुसात जातं.

हवा थोडी तरी आत-बाहेर होत असेल, तो शिंकत किंवा खोकत असेल, तर त्याला धडपडू द्या. नाकपुड्यांवरचा लगदा कापडानं टिपा, डोकं अंगापेक्षा किंचित खाली राहील असं धरा आणि दवाखान्याकडे निघा. तोंडात समोर काही दिसलं तर बोटानं बाजूनं ओढून काढा. जे दिसत नाही ते चाचपडत शोधू नका, आणखी आत ढकललं जातं.

श्वास पूर्ण बंद झाला, ससा ढिला पडला, तरच शेवटचा उपाय. त्याला तुमच्या एका हातावर पालथा घ्या: पोट हाताच्या लांबीवर, मागचा भाग कोपराशी, डोकं तळहातात. दुसरा हात वरून असा ठेवा की डोक्याची मागची बाजू, मान आणि पाठ एका रेषेत घट्ट धरली जाईल. मान लटकता कामा नये. आता दोन्ही हात खांद्याच्या उंचीवरून गुडघ्यांकडे ठामपणे खाली आणा, नाक जमिनीकडे. थांबा, तोंड बघा, पुसा. फरक नसेल तर पुन्हा. सशाचा कणा नाजूक असतो, त्याच्या स्वतःच्या लाथेच्या झटक्यानंही मोडू शकतो, म्हणून श्वास चालू असताना हा प्रकार करायचा नाही, आणि पाठीवर थापट्या मारायच्या नाहीत. ससा बरा असतानाच डॉक्टरांकडून ही पकड एकदा शिकून घ्या. घरातल्या मोठ्या दोघांना तरी ती यायला हवी.

पिचकारीनं भरवताना

आपल्याकडे बैलाचं तोंड वर करून बांबूच्या नळ्यानं औषध ओतायची पद्धत होती. त्यातही ठसका लागून औषध फुफ्फुसात गेलेली जनावरं मी पाहिली आहेत. तीच पद्धत सिरिंज घेऊन सशावर चालवली जाते, आणि यानंही ससे दगावतात. डॉक्टरांनी सांगितलं तरच भरवा. पोट गच्च फुगलेलं असेल तर भरवूच नका.

ससा चारही पायांवर बसलेला हवा, पंच्यात हलकेच गुंडाळलेला, डोकं सरळ. १ मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज घ्या. पुढच्या दातांच्या मागे, बाजूला, दात नसलेली मोकळी जागा असते, तिथून ती आत सरकवा. टोक समोरच्या गालाकडे, घशाकडे नाही. अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी सोडा आणि थांबा. तो चावेल, गिळेल, मग पुढचं. मान ओढली किंवा खोकला तर लगेच बंद. घाई असेल त्या दिवशी हे काम दुसऱ्याला द्या. ऊसतोडीत किंवा कापूस वेचताना रानसशाची पिलं सापडतात आणि लोक त्यांना घरी आणून गाईचं दूध पाजतात. ती पिलं बहुतेक वेळा अशीच दूध नाकात जाऊन मरतात. आई जवळपासच असते, पिलू होतं तिथंच ठेवा. रानससा पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे.

अडकलेलं निघालं, ससा पुन्हा गवत खायला लागला, तरी त्याला त्याच दिवशी दाखवा. आत गेलेल्या कणांमुळे दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होऊ शकतो. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत जनावरांचे मोठे दवाखाने आहेत. तुमच्या तालुक्यात सशाला हात लावणारा डॉक्टर कोण, हे आजच फोन करून विचारून ठेवा, कारण सगळेच सशावर उपचार करत नाहीत. जाताना त्याची नेहमीची पेंडी, तो खात होता त्या गोळ्यांची मूठभर पुडी आणि शेवटच्या लेंड्या सोबत न्या. शेवटचं कधी खाल्लं, लेंडी कधी पडली, नाकातून काय आलं, हे कागदावर लिहून न्या. घरी आणल्यावर दोन दिवस कोरड्या गोळ्या बंद, गवत आणि ओला पाला चालू. निवांत बसलेला असताना मिनिटाला श्वास मोजा; ३० ते ६० च्या आसपास ठीक. त्याहून बराच जास्त असेल, किंवा दहा-बारा तास खाणं वा लेंडी झाली नसेल, तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा.