जुनी ग्रीव्हज: किक मारायची घाई नको

विलियर्सचं टू-स्ट्रोक इंजिन असलेली १९६०च्या दशकातली ग्रीव्हज ही ब्रिटिश ट्रायल्स (खडकाळ, अवघड वाटेवर तोल सांभाळायच्या स्पर्धेची) मोटरसायकल वर्षानुवर्षं पडून असेल, तर आधी किक मारू नका. पिस्टन रिंगा बिडाच्या सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात; जोर लावला की तुटतात. प्लग काढून भोकातून ५० मिली डिझेल ओता, दोन दिवस मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हलकेच पुढेमागे करा.

इंजिन सुटलं तरी क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे दोन्ही टोकांच्या रबरी कड्या, बदलाच. रबर वाळून कडक झालेलं असतं. मॅग्नेटोकडचा (प्लगच्या ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाकडचा) सील गेला तर हवा ओढतो, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. प्रायमरी चेनकडचा (इंजिनाचा जोर क्लचला देणाऱ्या साखळीकडचा) गेला तर त्या साखळीच्या केसमधलं तेल जळून पांढरा धूर निघतो. पेट्रोलमध्ये तेल २०:१, म्हणजे ५ लिटरला २५० मिली.