हेरल्डचं पुढचं चाक: ट्रनियनला ग्रीस नको, ऑइल

स्टँडर्ड हेरल्ड ही मद्रासला बनलेली, ट्रायम्फ हेरल्डच्याच जातीची गाडी. पुढच्या चाकाचा उभा लिंक, म्हणजे चाक पेलणारा दांडा, खाली ट्रनियन नावाच्या पितळी सांध्यात आट्यांनी बसतो आणि स्टेअरिंग वळवलं की त्यातच फिरतो. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती तिथे गच्च चिकटते, वरचं रबर सील फाटतं, पाणी शिरतं. मग शेवटच्या आट्यांजवळ लिंक गंजून तुटतो आणि चाक आडवं पडतं.

गॅरेजवाले ग्रीस मारतात. ते चूक. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत नीट पोचत नाही. ट्रनियनचा प्लग काढून त्या जागेतून ९० नंबरचं गिअर ऑइल वर झिरपेपर्यंत भरायचं.

खोलण्याआधी गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला तर लिंक काढून आट्या डिझेलने धुवा, उजेडात बघा. गंजाचे खड्डे दिसले तर लिंक बदलाच. तुटलेल्या लिंकला वेल्डिंग करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

डावा आणि उजवा जोड वेगळा असतो, आट्या उलट्या. बसवताना ट्रनियन शेवटपर्यंत फिरवून घट्ट करा, मग एका फेऱ्याच्या आत मागे घ्या, म्हणजे चाक दोन्हीकडे पूर्ण वळेल.

सुटे भाग नागपूरच्या भंगारात क्वचितच मिळतात. १९६२ साली आलेली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार हेरल्डच्याच भागांवर बेतलेली, म्हणून इंग्लंडहून मागवताना तिचं नाव घेऊनही शोधा. जुना नमुना समोर ठेवून आट्या जुळवल्याशिवाय मात्र पैसे देऊ नका.