जिवाणूमुळे रक्तपेशींतल्या जनुकांचं काम कसं बदलतं: मोजण्याची पद्धत

जिवाणूची चाहूल लागताच मोनोसाइट या पांढऱ्या पेशीतलं एनएफ-कप्पाबी (जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात शिरतं आणि तासाभरात टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आरएनए (जनुकाची कामाची प्रत) चढू लागतो. अडचण अशी, की रक्ताची हाताळणी, प्रवास, उकाडा यांनीही याच जनुकांचं काम कमीजास्त होतं. म्हणून पुढची सगळी काळजी.

आधी नीतिमत्ता समितीची परवानगी आणि दात्याची लेखी संमती. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत १० मिली रक्त घेऊन लगेच कामाला लागा. तितकंच पीबीएस (क्षारांचं द्रावण) मिसळून १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) अलगद सोडा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात) ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद. फायकॉल आणि सेंट्रिफ्यूज दोन्ही २० अंशांवर हवेत. रत्नागिरीच्या मे महिन्यात खोलीत ठेवलेलं फायकॉल तापतं, त्याची घनता उतरते आणि हव्या त्या पेशीही तळाला जातात. मधला पांढुरका थर उचलून दोनदा धुवा. साधारण १ कोटी पेशी मिळतात.

प्रत्येक वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) पेशी वाढवण्याच्या १ मिली माध्यमात १० लाख पेशी ठेवा. अर्ध्या वेलमध्ये ई. कोलाय जिवाणूचं एलपीएस (त्याच्या बाहेरच्या आवरणातला घटक), १० नॅनोग्रॅम. उरलेल्यांत काहीच नाही. या कोऱ्या वेलमध्येही टीएनएफ वर दिसला तर आधी पाणी आणि काचसामान तपासा. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एलपीएस उरतं. काच २५० अंशांवर ३० मिनिटं भाजावीच लागते. नमुने १, ४ आणि २४ तासांनी घ्या. टीएनएफ लवकर चढून उतरतो, आयएल-६ (दाहाचं आणखी एक प्रथिन) मागाहून येतो.

लावणीच्या दिवसांत आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरा जिवाणूमुळे होणारा ताप) वाढतो, पण या प्रयोगावरून लेप्टोबद्दल काही ठरवू नका. ई. कोलायच्या एलपीएसला पेशीवरचा टीएलआर-४ हा ग्राही ओळखतो. लेप्टोस्पायराच्या एलपीएसला माणसाचा टीएलआर-४ ओळखत नाही, टीएलआर-२ हा दुसरा ग्राही ओळखतो.

पेशी खाली बसवून लगेच अर्धा मिली ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए वेगळा करायचं रसायन) घाला. आरएनएचं २६०/२८० गुणोत्तर (या दोन तरंगलांबींच्या प्रकाशशोषणाचं, शुद्धता दाखवणारं) २ च्या आसपास हवं. उरलेला डीएनए काढायला डीएनएज वापरा. जनुकांचा आरएनए मोजताना ज्याच्याशी तुलना करायची त्या संदर्भासाठी एकट्या जीएपीडीएच जनुकावर विसंबू नका, उद्दीपित पेशींत तोही बदलतो. एचपीआरटी-१ हे दुसरं संदर्भ जनुक सोबत घ्या आणि दोन्ही स्थिर आहेत का ते पाहा.

रुग्णाचं रक्त देवगड-कुडाळहून यायचं असेल तर पॅक्सजीन नळी (आरएनए टिकवणारं रसायन असलेली) वापरा: २.५ मिली रक्त, ८ ते १० वेळा हळूच उलटसुलट. १८ ते २५ अंशांत ती ३ दिवस टिकते. कोकणातल्या उन्हाला थंड पेटी हवीच. या नळीत सगळ्या पेशी एकत्र फुटतात. जिवाणूसंसर्गात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढतात, त्यामुळे जनुकाचं काम बदललं की फक्त पेशींचं प्रमाण, हे कळत नाही. त्याच वेळी सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) वेगळी ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी) घ्या आणि आकडे त्या प्रमाणाशी ताडून पाहा.