रिलीजचा हिरवा कंदील मॉडेलच्या हाती देताय? या चुका टाळा

रात्रीचे साडेअकरा, अंधेरीचं ऑफिस, सगळ्यांचा जीव शेवटच्या लोकलमध्ये अडकलेला. रिग्रेशनमध्ये, म्हणजे नव्या बदलानं जुनं काही मोडलं नाही ना हे पाहणाऱ्या तपासणीत, एकच टेस्ट लाल, म्हणजे नापास. कोणीतरी म्हणतं, "अरे, ती नेहमीच पडते, री-रन मार." दुसऱ्यांदा लाल, तिसऱ्यांदा हिरवी. बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, पुढे, आम्ही स्टेशनकडे. हे वर्षानुवर्षं चाललं. मग रिलीजची जोखीम सांगणारं मशीन लर्निंगचं मॉडेल बनवायचं ठरलं आणि त्याला शिकायला दिला तोच इतिहास, टेस्ट आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्समधला. आमची घाई त्यानं अगदी मन लावून शिकून घेतली.

मॉडेल हिरवा देतं आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या हातात, बग निघतो, असं झालं की टीम अल्गोरिदम बदलायला धावते. आधी लेबलं तपासा, म्हणजे शिकवताना कोणता निकाल 'बग' आणि कोणता 'ठीक' म्हणून दिला ते. कोड तोच, तरी कधी लाल कधी हिरवी होणारी टेस्ट म्हणजे फ्लेकी. गूगलने 2016 मध्ये स्वतःकडचे आकडे मांडले होते: जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा, आणि हिरव्याची लाल झाली अशा प्रसंगांपैकी 84 टक्क्यांत फ्लेकी टेस्टचा हात. म्हणजे लाल दिसलं की 'बग' असं लेबल लावलंत, तर मॉडेल मुख्यतः गोंगाटच शिकेल. 'शेवटी हिरवी झाली ना' हे लेबल तर त्याहून वाईट.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक रन वेगळा साठवा. पुष्कळ ठिकाणी री-रनचा रिपोर्ट जुन्या फाइलवरच लिहिला जातो आणि पहिला लाल निकाल कायमचा जातो. आमचंही तसंच होतं. एकाच कमिटवर, म्हणजे कोडच्या एकाच नोंदीवर, दोन्ही रंग दिसले तर तिसरं लेबल लावा, पण ती टेस्ट कचऱ्यात टाकू नका. आमची ती 'नेहमी पडणारी' टेस्ट पेमेंट टाइमआउटची होती. एकीनं शेवटी चिकाटीनं लॉग वाचले तेव्हा कळलं: सर्व्हरचं उत्तर उशिरा आलं की ॲप तीच विनंती पुन्हा पाठवत होतं आणि पैसे दोनदा कापले जात होते. टेस्ट बरोबर होती, मशीन मंदावलं तरच बग दिसायचा.

अचूकतेचा आकडा मॅनेजरला दाखवू नका. कोडच्या हजार बदलांत वीस खराब असतील तर डोळे मिटून सगळ्यांना 'ठीक' म्हणणारं मॉडेलही 98 टक्के अचूक ठरतं. त्या वीसपैकी किती पकडले, ते सांगा. आणि शिकवण्याचा व परीक्षेचा डेटा यादृच्छिक पद्धतीनं विभागू नका, तारखेनं कापा. नाहीतर पुढच्या महिन्यातली माहिती मागच्या महिन्याच्या परीक्षेत फुटते.

टेस्ट वगळण्याची घाई

फेसबुकने 2018 मध्ये सांगितलं, की बदलाशी संबंधित टेस्टपैकी मॉडेलनं निवडलेल्या साधारण एक तृतीयांशच चालवूनही 99.9 टक्क्यांहून जास्त सदोष बदल पकडता आले. हा आकडा मीटिंगमध्ये हमखास येतो. त्यांनी पडलेल्या टेस्ट पुन्हा पुन्हा चालवून आधी लेबलं धुऊन घेतली होती, हे मात्र कोणी सांगत नाही. दुसरा सापळा असा: मॉडेलनं वगळलेली टेस्ट पडतच नाही, म्हणून पुढच्या वेळी ती आणखी 'निरुपयोगी' ठरते. रोज रात्री पूर्ण संच चालवा, वगळलेल्यांसकट.

डेव्हलपरचं नाव फीचर म्हणून, म्हणजे मॉडेलनं अंदाज बांधायची माहिती म्हणून, देऊ नका. आमच्याकडे सर्वात अनुभवी मॅडमच 'धोकादायक' ठरल्या होत्या, कारण सेटलमेंटचं किचकट काम नेहमी त्यांच्याच गळ्यात. त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी विचारलं, "हे अप्रेझलला जोडलेलं नाही ना?"

मराठी स्क्रीन

स्वतःला 'दुरुस्त' करणाऱ्या टेस्टवर माझा फारसा भरवसा नाही. बटणाचा आयडी बदलला की त्या शेजारचं मिळतंजुळतं बटण शोधतात, आणि 'पाठवा'ऐवजी 'रद्द करा' दाबूनही टेस्ट हिरवी राहू शकते. दुरुस्ती सुचवू द्या, माणसानं पाहिल्याशिवाय जतन होऊ देऊ नका.

स्क्रीनच्या चित्रांची तुलना करणाऱ्या मॉडेलची गंमत वेगळी. बारीक फरक सोडून दे असं सांगितलं, की 'दुसऱ्या खात्यात पाठवा' मधला ऱ्या फुटून 'र् या' झाला तरी त्याला चालतं. इंग्रजी स्क्रीनवर शिकलेल्याला तो एक-दोन पिक्सेलचा फरक. आपल्याला तो दुरून खुपतो. उलटही होतं: ऱ्या दोन प्रकारे टाइप करता येतो, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह वापरून. डोळ्याला एकच, मजकुराच्या तुलनेत वेगळे. टेस्ट विनाकारण लाल, मग पुन्हा री-रन. तुलनेआधी दोन्हींना एकाच रूपात आणा.

मंजुरी

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज मशीन पाडली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. अपडेटची फाइल तपासणाऱ्या त्यांच्या व्हॅलिडेटर प्रोग्रामनं ती पास केली होती. व्याख्येत 21 रकाने, कोड पुरवत होता 20. आधीच्या फाइलींत एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' अशी खूण होती, म्हणून उणीव झाकून राहिली. तो व्हॅलिडेटर मॉडेल नव्हता, पण जुन्या हिरव्यांवर शिकलेलं मॉडेल अशा फाइलीला वेगळं काय म्हणालं असतं?

म्हणून मॉडेलच्या हिरव्यानंतरही आधी एक टक्का ग्राहक, मग थांबा, मग पुढे. मदतपानाच्या मजकुराला आणि पेमेंटच्या कोडला जोखमीचा एकच उंबरठा लावू नका. मॉडेलची आवृत्ती, त्यानं दिलेले जोखमीचे गुण आणि मंजुरीची सही कोणाची, हे तिन्ही नोंदवा. ग्राहक बँक असेल तर ऑडिटर हे मागणारच.

आमच्याकडे री-रनचं बटण अजून आहे, फक्त दाबताना कारण लिहावं लागतं. पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त वेळा आलेलं कारण: 'लोकल'.