ओंडके वाहणाऱ्या जुन्या ट्रकची १/२५ प्रतिकृती : सुरुवात ओंडक्यापासून

अमेरिकेच्या वायव्य भागात, वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांच्या डोंगरांतून डग्लस फर या सूचीपर्णी वृक्षाचे ओंडके लाकूड-गिरणीपर्यंत उतरवणारे ट्रक हा प्रतिकृती करणाऱ्यांचा जुना, आवडता विषय आहे. पीटरबिल्ट ही कंपनी तर याच गरजेतून उभी राहिली. टकोमा येथील प्लायवूडचे कारखानदार टी. ए. पीटरमन यांना जंगलातून लाकूड आणण्यासाठी दणकट ट्रक हवे होते, म्हणून त्यांनी १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील फेजॉल कंपनीची मालमत्ता विकत घेतली. या लेखात त्याच कंपनीच्या ‘३५९’ या ट्रकची प्रतिकृती डोळ्यांसमोर ठेवली आहे. हा ट्रक १९६७ ते १९८७ या काळात तयार होत होता. ए.एम.टी. कंपनीच्या किटमुळे (जोडायच्या सुट्या भागांच्या संचामुळे) त्याचा सांगाडा १/२५ प्रमाणात तयार मिळतो आणि त्याच प्रमाणातील पीअरलेस बनावटीच्या ओंडक्यांच्या ट्रेलरचे किटही त्याच कंपनीने काढलेले आहे.

बरेच जण केबिनपासून काम सुरू करतात. माझ्या मते सुरुवात ओंडक्यापासून करावी. ओंडक्याची लांबी ठरली की ट्रेलर किती मागे राहणार ते ठरते, त्यावरून जोडदांड्याची लांबी निघते आणि ओंडक्यांच्या जाडीवरून प्रतिकृती कोणत्या काळातली वाटणार तेही ठरते. जुन्या, न तोडलेल्या जंगलातील तीन अजस्र ओंडक्यांचा भार एका काळाची गोष्ट सांगतो, तर दुसऱ्या पिढीच्या जंगलातील बारीक पंधरा-वीस ओंडक्यांचा भार नंतरच्या काळाची. ‘३५९’ वर दोन्ही शोभतात, मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये.

१/२५ या प्रमाणाची एक मोठी सोय अशी की मूळ ट्रकवरील १ इंच म्हणजे प्रतिकृतीत जवळजवळ नेमका १ मिलिमीटर. त्यामुळे ३० इंच व्यासाचा ओंडका ३० मिलिमीटरचा, ८ फूट म्हणजे ९६ इंच रुंदीची, ओंडके टेकण्याची आडवी तुळई सुमारे ९७ मिलिमीटरची आणि ४० फुटी ओंडका सुमारे ४९ सेंटिमीटरचा होतो. अख्खी गाडी ट्रेलरसह सहज ७५ ते ८० सेंटिमीटर भरते, तेव्हा आधी फळीची लांबी मोजून घ्यावी. ज्या मापांची खात्री नाही ती जुन्या छायाचित्रावरून काढता येतात, पण त्यासाठी ट्रक अगदी बाजूने टिपलेला असावा. चाकाचा व्यास सुमारे ४२ इंच धरला, तर तेच चाक मोजपट्टीचे काम करते.

आता ओंडके. भरीव लाकूड वापरण्याचा मोह टाळावा. ६० मिलिमीटर जाड आणि ४९ सेंटिमीटर लांब बाभळीचा एक तुकडा वाळल्यावरही एक किलोच्या आसपास भरतो. असे तीन तुकडे ठेवले की किटचे प्लॅस्टिकचे आस वाकलेच म्हणून समजावे. जाड ओंडक्यांसाठी पुठ्ठ्याची नळी गाभा म्हणून घ्यावी, तिच्यावर जुन्या बाभळीच्या फांदीवरून काढलेली साल पाण्यात भिजवून, मऊ करून, लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवावी आणि गोंद सुकेपर्यंत दोरीने घट्ट आवळून ठेवावी. डग्लस फरच्या जुन्या झाडाची साल जाड असते आणि तिच्यावर उभ्या, खोल भेगा असतात. बाभळीच्या सालीची ठेवण तिच्याशी चांगली जुळते. नळीला एका टोकाकडे किंचित निमुळते करण्यासाठी कागदाचे वेढे एका बाजूला अधिक द्यावेत. खोड कधीच सळईसारखे सरळसोट नसते, आणि एवढा एक तपशील राहून गेला तरी सगळा भार खोटा दिसतो. बारीक ओंडक्यांना शेवग्याच्या फांद्या उत्तम, कारण ते लाकूड वाळल्यावर फार हलके होते. मात्र त्यात ओलावा भरपूर असल्याने फांद्या थोड्या जाड आणि लांब निवडाव्यात, सावलीत सावकाश वाळवाव्यात आणि कीड राहू नये म्हणून शेवटी ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आत तासभर ठेवाव्यात. हे काम पावसाळ्यात काढूच नये.

ओंडक्याची टोके हा या प्रतिकृतीचा चेहरा आहे. फांदीच्या टोकावर जेमतेम पाच-सात वलये असतात, तर खऱ्या खोडावर शेकडो, म्हणून नैसर्गिक टोक तसेच ठेवून चालत नाही. पांगाऱ्यासारख्या हलक्या, मऊ लाकडाची तीन-चार मिलिमीटर जाड चकती घ्यावी (सावंतवाडीची खेळणी याच लाकडाची होत आली आहेत, यावरून ते कापायला किती सोपे आहे याची कल्पना यावी). चकतीच्या मध्यात बारीक स्क्रू बसवून ती ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकडावी, मशीन अगदी मंद फिरवावी आणि टोकदार पेन्सिल मध्यापासून कडेकडे सरकवत न्यावी. मिनिटभरात दाट, एककेंद्री वलये उमटतात. त्यानंतर दोन-तीन वलये हाताने मुद्दाम वाकडी करावीत, मध्यातून कडेपर्यंत एक-दोन बारीक चिरा पाडाव्यात, गाभ्याला पातळ तांबूस-नारिंगी आणि कडेच्या पट्ट्याला फिकट पिवळसर हात द्यावा. खऱ्या ओंडक्यांच्या टोकांवर मालकाची खूण हातोड्याने ठोकलेली असते आणि बहुधा रंगाचा ठिपकाही असतो. निळ्या किंवा लाल रंगाचा एक छोटा ठिपका पुरतो.

ओंडके तयार झाल्यावर ट्रकचा सांगाडा हाती घ्यावा. दोन लांब तुळया काचेच्या जाड तुकड्यावर ठेवून चिकटवाव्यात, म्हणजे पीळ राहत नाही. ट्रकची दहा आणि ट्रेलरची आठ चाके एकाच वेळी काचेला टेकली पाहिजेत. केबिनमागे झोपण्याचा कप्पा असेल तर तो बाजूला ठेवावा, कारण ओंडक्यांच्या ट्रकवर तो सहसा नसतो. किटमधील चकचकीत क्रोमचे भाग घरगुती ब्लीचमध्ये बुडवल्यास त्यांवरचा मुलामा निघून जातो. ट्रकच्या तोंडाची जाळी आणि बंपर तेवढे चमकते ठेवून बाकीचे साधे रंगवावेत. इंजिन किटमध्ये सांगितले आहे तसेच जोडावे. झाकण बंद राहणार असेल तर त्याच्या वायरिंगवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरे काम आहे ते बंकचे. बंक म्हणजे ओंडके ज्यावर टेकतात ती आडवी तुळई, आणि तिच्या दोन टोकांचे उभे खांब म्हणजे स्टेक. ट्रकवर एक आणि ट्रेलरवर एक असे दोन बंक असतात. वळणावर ओंडके वाकत नाहीत, म्हणून बंकच फिरावे लागतात. १ मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटची, सुमारे ८ मिलिमीटर उंचीची पोकळ पेटी करावी, मध्यभागी २ मिलिमीटरचा नट-बोल्ट घालून ती सांगाड्यावर फिरती बसवावी आणि ५० ते ६० मिलिमीटर उंचीचे स्टेक पितळी पट्टीचे करावेत, कारण प्लॅस्टिकचे स्टेक भाराने बाहेर झुकतात. ट्रक आणि ट्रेलर यांना जोडणारा लांब दांडा म्हणजे रीच. तो ट्रेलरमधील खोबणीतून पुढे-मागे सरकतो, आणि भरलेल्या गाडीत ट्रेलर ओढण्याचे बरेचसे काम ओंडकेच करतात. साधारण ६ मिलिमीटर चौकोनी पितळी नळी आणि ती सैलसर सरकेल अशी एक माप मोठी नळी घेतली, की हा सगळा खेळ प्रतिकृतीतही जिवंत राहतो. ४० फुटी ओंडक्यांसाठी दोन बंकमधील अंतर सुमारे ३०० मिलिमीटर धरून आधी कोरडी मांडणी करावी, छायाचित्राशी ताडून पाहावी आणि मगच रीच कापावा.

केबिनमागे ओंडके पुढे घसरू नयेत म्हणून भक्कम जाळी असते, ती पितळी पट्ट्या डाग देऊन (सोल्डर करून) करावी. तिच्या शेजारी पाण्याची टाकी हवीच. लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून या ट्रकमध्ये टाकीतले पाणी ब्रेकच्या ड्रमवर सोडले जाई. विजेच्या वायरिंगसाठी मिळणाऱ्या २५ मिलिमीटर पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना स्टायरीनच्या चकत्या आणि ड्रमपर्यंत नेलेली तांब्याची बारीक तार एवढ्यावर ही टाकी होते.

रंगकामात एका चुकीपासून सावध करतो. आपल्याकडे चिखल म्हटला की कोकणातल्या जांभ्याचा लाल रंग हाताशी येतो, पण तिकडच्या जंगलातील रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी फोडलेल्या करड्या बेसॉल्टची खडी असते. दख्खनचा कातळ आणि कोलंबिया नदीच्या खोऱ्यातील कातळ हे दोन्ही लाव्ह्याच्या प्रचंड पुरातून तयार झालेले बेसॉल्टच, त्यामुळे घाटावरच्या खडी केंद्राची भुकटी तलम कापडातून गाळून घेतली तर आयता, बरोबर रंग मिळतो. मॅट वार्निशच्या ओल्या थरावर ती चाकांमागे आणि चिखलरोधकांखाली शिंपडावी. स्टेकची आतली बाजू मात्र गंजलेली दाखवू नये. सालीच्या घर्षणाने ती घासून उजळलेली असते, म्हणून तिथे काळ्या रंगावर मऊ पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळावे. गंज बाहेरच्या बाजूला आणि जोडांच्या कोपऱ्यांत ठेवावा.

शेवटी भार रचावा. सर्वांत जाड ओंडके तळाशी, स्टेकला लागून ठेवावेत आणि माथ्यावर मधोमध एक ओंडका चढवावा. प्रत्येक ओंडका खालच्या दोघांच्या खाचेत बसला पाहिजे, नाहीतर भार बांधल्यावरही हलत राहतो. बांधण्यासाठी अर्ध्या मिलिमीटरची लवचीक पोलादी तार आणि तिच्या टोकांना नकली दागिन्यांची बारीक साखळी काळी करून जोडावी. साखळी ताणणारा तरफेचा आकडा ट्रकच्या एकाच बाजूला येईल असे पाहावे. तारेचा फास सालीत किंचित रुतलेला दिसावा म्हणून बांधण्याआधी सालीवर तिथे सुरीने हलकी खाच पाडून घ्यावी. प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवणार असल्यास आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळा सरताच त्या बदलाव्यात, म्हणजे सालीवर बुरशी येत नाही.