पाण्याच्या कविता कशा वाचाव्यात

संग्रह पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट मी केव्हाच सोडला. आता एक विषय धरते. गेल्या श्रावणात पाणी धरलं होतं.

सुरुवातीला बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी आहेत. आधी मोठ्याने वाचा, अर्थाच्या मागे लागू नका. मग पेन्सिल घेऊन नुसते रंग शोधा. झरा निळासावळा, शेतं हिरवी, पायवाट पांढरी, डोह काळा. आणि शेवटी त्या काळोख्या पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. शाळेत हे दिसलंच नाही, संदर्भासहित स्पष्टीकरणातच जीव गेला!

लगेच त्याच विषयाचा दुसरा कवी काढा. बालकवी १९१८ साली गेले. त्यांच्यापाठोपाठ ना. धों. महानोर वाचले की पाऊस नुसता बघण्यापुरता राहत नाही, कारण हा कवी स्वतः शेतकरी. पेरणीवाल्याचा पाऊस वेगळाच.

एका बैठकीला दोन-तीनच कविता पुरे. आवडलेली ओळ वहीत उतरवा, शेजारी तारीख आणि बाहेर काय चाललंय तेही. माझ्या १२ ऑगस्टच्या पानावर चहाचा डाग आहे, खाली लिहिलंय, ‘दोरीवरचे कपडे परत भिजले.’