क्रीटला जाताय? गाडी, गुडघे आणि शेवटची बोट: या चुका टाळा

ग्रीसला जाणारी आपली बरीच मंडळी अथेन्स आणि सांतोरिनी करून परततात. जे क्रीटपर्यंत पोचतात, ते तिथेही सांतोरिनीच्याच हिशेबाने फिरायला लागतात. दोन दिवस बेटाला, एक दिवस किनाऱ्याला, संध्याकाळी सूर्यास्त. सगळा घोटाळा इथून सुरू होतो. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर पसरलेलं आहे आणि त्याच्या कण्यावर 2,400 मीटरपेक्षा उंच शिखरं आहेत. विमानतळ, मोठी शहरं, मुख्य महामार्ग सगळं उत्तर किनाऱ्यावर. घळी, जुने मठ, भग्न राजवाडे आणि शांत गावं बरीचशी डोंगरात किंवा डोंगरापलीकडे, दक्षिणेला. म्हणून इथे दिवस आखताना ‘तिथे पोचायचं कसं’ याआधी ‘परत यायचं कसं’ हे ठरवावं. खालच्या निम्म्याहून जास्त चुका त्या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

किलोमीटर मोजून दिवस आखणे

हानिया शहरापासून एलाफोनिसीचा किनारा साधारण 75 किलोमीटर. एक्स्प्रेसवेची सवय असलेला माणूस म्हणतो, तासाभराचं काम. प्रत्यक्षात दीड ते दोन तास लागतात, कारण शेवटचा मोठा टप्पा घाटातला आहे. मध्येच शेळ्यांचा कळप रस्त्यावर बसलेला असतो, आणि हॉर्न वाजवून त्यांना काही फरक पडत नाही. डोंगरी रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर धरा, त्याहून जास्त नको.

इराक्लिओ या उत्तर किनाऱ्यावरच्या शहरात एकच हॉटेल घेऊन तिथून सगळं बेट पालथं घालायचा बेत तर सोडूनच द्या. पश्चिमेसाठी हानियात मुक्काम, मध्य-दक्षिणेसाठी मेसारा मैदानाच्या आसपास एखाद्या गावात दुसरा. सामान एकदा बांधायचा कंटाळा परवडतो, रोजचे चार-पाच तास गाडीत घालवणं परवडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ग्रीक नावांची रोमन स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांची असतात आणि ‘आयिओस’ किंवा ‘आया’ने (म्हणजे संतांच्या नावाने) सुरू होणारी गावं बेटभर विखुरलेली आहेत. नाव टाइप करून पहिला पर्याय निवडू नका. आदल्या रात्री वायफायवर नकाशा डाउनलोड करून ठिकाणाची पिन जपून ठेवा. घळींत आणि दक्षिणेच्या कड्यांखाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

गाडी: परवाना, बाजू आणि कच्चा रस्ता

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून घ्यायचं, एक वर्ष चालतं. काउंटरवर कोणी विचारलं नाही म्हणून ते लागत नाही असं समजू नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर फार आधी सांगा, तिथे गिअरवाल्या गाड्याच जास्त असतात.

गाडी उजव्या बाजूने चालवायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती निर्जन फाट्यावर. समोर एकही गाडी नसते, हात सवयीने डाव्या बाजूला वळवतात आणि पुढच्या वळणावर ट्रॅक्टर येतो. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणाला ‘उजवीकडे’ म्हणत राहावं. हास्यास्पद वाटतं, पण उपयोगी पडतं. उत्तरेच्या महामार्गावर हळू चालणारे कडेच्या पट्ट्यावर सरकून मागच्याला वाट देतात. तुम्ही मधोमध सावकाश चाललात तर मागचा वैतागून धोकादायक ओव्हरटेक करतो. मात्र वळणावर त्या पट्ट्यावर जाऊ नका, पुढे बंद पडलेली गाडी उभी असू शकते.

बालोसच्या खाडीकडे जाणारा शेवटचा सुमारे 8 किलोमीटरचा रस्ता कच्चा आणि दगडगोट्यांचा आहे. भाड्याच्या बहुतेक गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावरचं नुकसान, विशेषतः टायर आणि गाडीच्या तळाचं, विम्यातून वगळलेलं असतं. ‘फुल इन्शुरन्स’ या दोन शब्दांवर न जाता ते कलम वाचा. त्यापेक्षा किसामोस गावाहून बालोसला बोट जाते. ती वाटेत ग्राम्वूसा बेटावर थांबते आणि वरच्या व्हेनिशियन किल्ल्यावर चढायला वेळ देते. किल्ल्यांचं वेड असलेल्यांनी बोटच घ्यावी हे माझं स्पष्ट मत. गाडीनेच गेलात, तर पार्किंगपासून खाली उतरणं सोपं असतं. भर दुपारी तीच चढण परत चढताना लोक रडकुंडीला येतात.

पेट्रोल उत्तरेलाच भरून घ्या. दक्षिणेच्या गावांत पंप मोजके असतात, आणि रविवारी किंवा रात्री बंद असू शकतात. स्फाकियाच्या डोंगरात पाट्यांवर गोळ्यांची भोकं दिसतील. तो तिथला जुना शौक आहे, तुमच्यासाठी इशारा नव्हे. मात्र नाव वाचता येत नाही तेव्हा पिनच कामाला येते.

सामारिया: खाली उतरणं म्हणजे सोपं, हा गैरसमज

सर्वांत जास्त फजिती इथे होते, म्हणून जरा सविस्तर. सामारिया घळ 1962 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ओमालोसच्या पठारावर, सुमारे 1,230 मीटर उंचीवरच्या झिलोस्कालोपासून वाट सुरू होते आणि 16 किलोमीटर चालून थेट लिबियन समुद्रावर, आया रुमेली गावात उतरते. हंगाम सर्वसाधारणपणे मे ते ऑक्टोबर. पावसात किंवा फार उन्हाळा वाढला की त्या दिवसापुरती ती बंद करतात, म्हणून सकाळी निघण्यापूर्वी चौकशी करायची.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना वाटतं, उताराचा तर रस्ता आहे. पण आपल्याकडे गडावर आधी चढतो आणि दमलो की निम्म्यातून मागे फिरता येतं. इथे उलट. दोन-तीन तास उतरल्यावर गुडघा बोलायला लागला, तर मागे 1,000 मीटरची चढण आणि पुढे दहा किलोमीटर दगडगोटे. पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच उतार सर्वांत तीव्र आहे. तिथे घाईने उड्या मारत उतरलेले लोक पुढे लंगडताना दिसतात. सुरुवातीलाच सावकाश चाला, काठ्या घ्या आणि घोट्याला आधार देणारे जुने, सवयीचे बूट घाला. सँडल नको, कोरे बूट तर अजिबात नको. पाण्याची एक बाटली पुरते, वाटेत झरे आहेत. टोपी मात्र हवीच.

एकूण चार ते सात तास लागतात. निम्म्या वाटेवर सामारियाचं ओसाड गाव लागतं. उद्यान झालं तेव्हा तिथल्या लोकांना हलवलं. तिथे थांबा, खा, आणि नशिबात असेल तर क्री-क्री नावाची रानशेळी बघा. तिला खायला मात्र घालू नका. पुढे ‘लोखंडी दरवाजे’ म्हणतात तिथे दोन्ही बाजूंचे कडे सुमारे 300 मीटर उंच आणि मधली जागा जेमतेम 4 मीटर. फोटोसाठी गर्दी तिथेच होते आणि वेळही तिथेच जातो. प्रवेशाचं तिकीट शेवटपर्यंत सांभाळा, बाहेर पडताना मागतात. आत कोणी राहिलं नाही ना, याचा हिशेब त्यावरून लागतो.

आता नेहमीची चूक. लोक भाड्याची गाडी ओमालोसला लावून घळीत शिरतात. आया रुमेलीला गाडीचा रस्ताच नाही. तिथून सूया किंवा होरा स्फाकियोन या किनाऱ्यावरच्या गावांना बोटीने जायचं आणि पुढे बस. गाडी मात्र डोंगराच्या वरच्या टोकाला उभी. म्हणून हानियाहून सकाळच्या बसनेच जा. संध्याकाळची शेवटची बोट साधारण साडेपाचच्या सुमाराला असते, पण वेळ हंगामाप्रमाणे बदलते. बोटीची वेळ आधी पाहा आणि तिथून मागे मोजत सुरुवात ठरवा.

बोट चुकलीच तर घाबरू नका. गावात राहायच्या खोल्या मिळतात, मागच्या वाटेने घळीत शिरायचं मात्र नाही. जोराच्या वाऱ्याने बोटी रद्द झाल्या तरी उपाय तोच, म्हणून परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. चालताना पाय मुरगळला तर वनरक्षकांना गाठा, ते खेचरावरून बाहेर काढतात. आणीबाणीचा क्रमांक 112. घळ बंद असेल किंवा गुडघ्यांवर भरवसा नसेल तर 8 किलोमीटरची इम्ब्रोस घळ आहे. ती कमी भव्य आहे, पण लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी तीच सुचवेन.

भग्नावशेष बघताना

क्नोसॉस आणि फैस्तोस हे कांस्ययुगातल्या मिनोअन संस्कृतीचे राजवाडे. क्नोसॉस बघून लोक फैस्तोसला येतात आणि विचारतात, इथे उभं काहीच का नाही? क्नोसॉसचे रंगीत खांब आणि भिंती बऱ्याच अंशी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने विसाव्या शतकात उभारलेल्या आहेत. फैस्तोस जसं सापडलं तसं ठेवलं आहे, म्हणून मला ते जास्त भावतं. तिथे पायऱ्यांवर बसून मेसाराचं मैदान बघायला वेळ ठेवा. 1908 मध्ये इथे सापडलेली, चिन्हं उमटवलेली सुप्रसिद्ध मातीची चकती शोधत फिरू नका, ती इराक्लिओच्या संग्रहालयात आहे. ते संग्रहालय आधी पाहिलं तर दगडांतून घरं दिसायला लागतात. युनेस्कोच्या 2025 च्या ज्या बैठकीत आपल्या मराठा काळातल्या किल्ल्यांची नोंद झाली, त्याच बैठकीत क्रीटचे हे मिनोअन राजवाडेही यादीत गेले.

जवळच गॉर्तिन हे प्राचीन शहर. कुंपणाच्या आत दगडात कोरलेला, इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातला कायदा आहे. एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून, नांगराचा बैल तासाच्या टोकाला वळतो तशी. बहुतेक जण तेवढं पाहून निघतात. रस्त्यापलीकडे ऑलिव्हच्या बागांत रोमन शहराचे अवशेष पसरले आहेत, ते राहूनच जातात.

आर्कादीचा मठ हा आजही चालता मठ आहे. 1866 मध्ये ऑटोमन सैन्याने वेढल्यावर आतल्या लोकांनी दारूकोठार उडवून दिलं, शेकडो माणसं गेली. क्रीटच्या लोकांसाठी ते तीर्थ आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे गाडीत ठेवा आणि चर्चमध्ये फोटोपूर्वी विचारा.

एलाफोनिसीची गुलाबी वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे. दोर लावलेल्या वाळूच्या टेकड्यांवर टॉवेल पसरू नका. टुरिस्ट बसेस येण्यापूर्वी, सकाळी लवकर पोचा.

दुपार आणि जेवण

दुपारी दोन-अडीचनंतर गावातली दुकानं बंद होतात ती संध्याकाळपर्यंत. फळं, पाणी, औषधं सकाळीच घ्या. सरकारी स्थळांच्या वेळा हिवाळ्यात कमी होतात, त्याही आदल्या दिवशी तपासा.

शाकाहारी असाल तर उपासाचं, ‘निस्तिसिमो’ जेवण मागा. ऑर्थोडॉक्स उपासात मांस, अंडी, दूध चालत नाही, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतं. म्हणून ‘समुद्रातलंही काही नको’ हे जोडून सांगायलाच हवं. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, आणि फावा म्हणजे पिवळ्या डाळीचा घट्ट लगदा, हे दोन पदार्थ आपल्या जिभेला लगेच पटतात. जवाच्या टोस्टवर टोमॅटो आणि ताजं चीज घातलेला दाकोसही, दूध चालत असेल तर. जेवणानंतर राकी या तिथल्या कडक दारूचा छोटा पेला बिल न लावता समोर येतो. ज्याला घाटातून परत गाडी न्यायची आहे त्याने ‘गाडी चालवायची आहे’ एवढं सांगितलं की पुरतं.